मदत हवी आहे: जुन्या व्हिस्कीचं बूच तुटलं, रविवारी लग्न आहे

मधली सुट्टी
जरा घाईत आहे. ताई झाली तेव्हा बाबा मस्कतला होते. तेव्हा सुट्टीवर येताना एक बाटली आणली आणि ‘हिच्या लग्नात फोडायची’ म्हणून ठेवून दिली. कुणी हात लावायचा नाही असा घरात कायदाच. लग्न रविवारी आहे. आज सामान बांधताना ती बाहेर काढली, वरचं आवरण सोडवून बूच जरा फिरवून पाहिलं, तर टोपी हातात आली आणि बूच आत अडकलं. वर हलवून पाहिली तर अर्धीच भरलेली वाटतेय. बूच कसं काढू, उरलेली प्यायला चालेल का, आणि परत बंद कशी करू? ज्यांना दारूवर प्रवचन द्यायचंय त्यांनी वेगळा धागा काढावा.

चहाबाज
कोणती व्हिस्की? ताईंचं वय काय, म्हणजे बाटली किती जुनी? कुठे ठेवली होती?

मधली सुट्टी
ताई 1993 ची. ब्रँडने बूच काढण्यात काय फरक पडतो? स्कॉच आहे, चांगली आहे.

उगाच एक
चांगली स्कॉच असेल तर सोडा घालू नका. साधं पाणी, तेही चमचाभर. बर्फ तर अजिबात नको. लोक काय वाट्टेल ते करतात, एकदा मी एकाला थम्सअप घालताना बघितलं.

जहाजी काका
‘अर्धीच वाटतेय’ म्हणजे काय? काचेतून दिसत नाही का?

मधली सुट्टी
दिसली असती तर विचारलं असतं का? चिनी मातीची आहे, निळी. मखमली पिशवीत होती.

जहाजी काका
अरे मग रॉयल सल्यूट म्हण ना सरळ! आणि म्हणे ब्रँडने काय फरक पडतो. सगळा फरक त्यातच आहे. हे ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्क्यांचं मिश्रण, 1953 साली एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकासाठी काढलं. एकवीस तोफांची सलामी म्हणून 21 वर्षं पिंपात ठेवलेली व्हिस्की. आखातातून येणाऱ्यांची ड्यूटी फ्रीमधली आवडती वस्तू, कारण दिसायला भारी आणि दारू संपली तरी बाटली शोकेसमध्ये मिरवता येते. पण या मातीच्या बाटल्यांची दोन दुखणी. एक, आत किती उरलंय ते बाहेरून कळत नाही. दोन, बूच कोरडं पडून भुसा होतं आणि त्यातून व्हिस्की हळूहळू उडून जाते. तुझ्याकडे दोन्ही झालंय. आता हे सांग, बाटली उभी होती की आडवी?

मधली सुट्टी
आडवी. कपाटाच्या वरच्या कप्प्यात उभी मावत नाही.

जहाजी काका
झालं. वाइन आडवी ठेवतात, बूच ओलं राहावं म्हणून. व्हिस्की उभीच ठेवायची. तिच्यात चाळीस टक्के अल्कोहोल असतं, ते वर्षानुवर्षं बुचाला लागत राहिलं की बूच कुजतं, ठिसूळ होतं. त्यातून तो वरचा कप्पा म्हणजे उन्हाळ्यात भट्टी.

तिसरा पेग
लोकहो, मुख्य मुद्दा कुणीच बोलत नाहीये. मुळातली 21 वर्षं आणि वर ही तीसेक. म्हणजे पन्नाशी ओलांडलेली स्कॉच! लाखाच्या घरात जाईल. पिऊ नका, विका.

कोकम सरबत
तिसरा पेग, व्हिस्कीचं वय पिंपात वाढतं, बाटलीत नाही. लाकूड तिला रंग, चव देतं आणि ती लाकडातून श्वास घेते. बाटलीत भरली की घड्याळ बंद. 21 ची व्हिस्की शंभर वर्षांनी उघडली तरी 21 चीच. आणि विकायचं म्हणाल तर परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे, मग ती बाबांची आठवण असो की कुणाची. शिवाय अर्धी उडालेली, बूच तुटलेली बाटली घेणार कोण?

तिसरा पेग
परदेशात लिलाव होतात, मी स्वतः वाचलंय.

कोकम सरबत
होतात. सीलबंद बाटल्यांचे, आणि तिकडे. इथे लग्न रविवारी आहे.

गोणपाट
सगळे बुचाच्या मागे लागलेत, पण अर्धी बाटली आपोआप संपते हे मला पटत नाही. आमच्या आजोबांच्या कपाटात अशीच एक ‘ठेवणीतली’ होती. उघडली तेव्हा आत चहाचं पाणी निघालं. थोरल्या मामांनी पुढची चार वर्षं त्या कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही. घरातल्या माणसांची आधी चौकशी करा.

मधली सुट्टी
वरचं आवरण मीच सोडवलं, ते शाबूत होतं. आमच्याकडे पिणारा मामा नाही. कृपया बुचाबद्दल बोला.

चहाबाज
बूच पूर्ण आत आहे की तोंडाशी? तोंडाशी असेल तर वाइनचा स्क्रू तिरका घालून हळू ओढ. भुसा झाला असेल तर सरळ आत ढकल, काही बिघडत नाही. मग सगळी गाळून काढायची. चहाच्या गाळण्यातून बारीक कण जातात, आधी मलमलचं स्वच्छ धुतलेलं फडकं आणि नंतर कॉफी फिल्टरचा कागद. गाळायला वेळ लागेल, घाई करू नकोस. फडक्याला साबणाचा वास नको.

किती उरली ते बघायला टॉर्च तोंडातून आत मार. नाहीतर वजनाचा हिशेब कर. 750 मिली व्हिस्की साधारण 710 ग्रॅम भरते, पाण्यापेक्षा हलकी. पण त्यासाठी रिकाम्या बाटलीचं वजन हवं, म्हणजे शेवटी ओतून मोजणंच आलं.

क्रिस्टल पॅलेस
गाळून झाली की क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये, म्हणजे दारू ओतायच्या काचेच्या सुरईत, भरा. लग्नात टेबलावर असा डिकँटर म्हणजे बघायलाच नको. आमच्याकडे वर्षभर त्यातच असते.

कोकम सरबत
वर्षभर? जुन्या क्रिस्टलच्या काचेत शिसं असतं आणि ते दारूत उतरतं. एका संध्याकाळपुरतं ओतणं वेगळं, साठवणं वेगळं. आत्ताच्या आत्ता रिकामा करा तो.

क्रिस्टल पॅलेस
आम्ही ठणठणीत आहोत. इंटरनेटवर वाचून घाबरवणारे फार झालेत.

कोकम सरबत
ठीक. धागाकर्त्याने साधी काचेची बाटली घ्यावी, शक्यतो लहान. उरलेली व्हिस्की काठोकाठ भरली की हवेला जागा राहत नाही आणि चव टिकते. अर्ध्या रिकाम्या बाटलीत जी हवा असते तीच तिचं वाटोळं करते.

जहाजी काका
प्यायला चालेल का, याचं कुणी उत्तर दिलेलं नाही म्हणून देतो. चालेल. एवढ्या अल्कोहोलमध्ये जंतू वाढत नाहीत आणि बुचाच्या भुश्याने कुणी मरत नाही. प्रश्न चवीचा आहे. इतकी वर्षं उडत राहिली की अल्कोहोल आधी जातं, मग जोर कमी होतो आणि व्हिस्की मिळमिळीत लागते. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर पाहुण्यांना देऊ नका. नाही आला तर आनंद माना. आधी चमचाभर घेऊन बघा.

जाता जाता, पिंपातून जी उडते तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास, बंगळुरूच्या हवेत दहाच्या वर. म्हणून तिकडच्या अमृतसारख्या व्हिस्क्या थोड्या वर्षांतच तयार होतात. तुमच्या कपाटातले देवदूत मात्र फुकट प्याले.

बापूंचा बापू
बाबांची आठवण म्हणून ही बाटली जपलीत, वाचून डोळे पाणावले. ते जिथे असतील तिथून आशीर्वाद देत असतील.

मधली सुट्टी
बाबा शेजारच्या खोलीत आहेत, फेट्यांचा हिशेब करतायत. त्यांना अजून सांगितलेलं नाही, म्हणून तर घाई आहे. त्यांना व्याह्यांसमोर स्वतः बूच काढायचंय. तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेत. त्यामुळे लहान बाटली, डिकँटर वगैरे चालणार नाही. त्याच निळ्या बाटलीत परत भरून वर बूच हवंय.

तिसरा पेग
मग त्यात दुसरी रॉयल सल्यूट आणून भर. काठोकाठ. बाबांना कळणार पण नाही. प्रश्न मिटला.

गोणपाट
आमच्या थोरल्या मामांनी हाच विचार केला होता, फक्त बजेट कमी होतं.

चहाबाज
बूच मिळेल. कोणत्याही सिंगल माल्ट व्हिस्कीच्या रिकाम्या बाटलीचं टोपीवालं बूच बसतं का बघ, दोन-तीन वेगवेगळी मागव. तोंडाचं माप सगळ्यांचं सारखं नसतं. सैल बसलं तर आतून बेकिंगच्या बटर पेपरची एक पट्टी. रविवारपर्यंत टिकेल. प्रवासात उभी ठेव.

पण बाबांना सांग. व्याह्यांसमोर पहिल्या पेगला अर्धी बाटली निघाली तर ते कुणाकडे बघतील?

तिसरा पेग
का सांगायचं? त्यांचा आनंद महत्त्वाचा. ग्लासात काय आहे ते गौण.

कोकम सरबत
त्यांना ग्लासातलं गौण असतं तर साध्या व्हिस्कीचा खंबा घेऊन बसले असते. ज्याने तीस वर्षं वाट पाहिली त्याला त्याच व्हिस्कीतला घोट हवा, मग ती कमी असो. आणि नवी रॉयल सल्यूट काय शंभर रुपयांना येते?

संत्रानगरी
इतके सारे बूच बूच करून राहिले, पण लग्न कुठं हाय ते कोणीच नाही विचारलं बे. भाऊ, लग्न कुठं?

मधली सुट्टी
हिंगणघाटला, मुलाकडे. आम्ही नाशिकहून बस करून निघतोय शनिवारी. का?

संत्रानगरी
अरे बाप्पा! वर्धा जिल्हा हाय तो. दारूबंदी. सेवाग्राम तिथंच हाय ना, कितीक वर्षांपासून बंदी. वऱ्हाडाच्या बशी तर थांबवतातच. बाटली सापडली तं तुमचे बाबा नवरीले सोडून ठाण्यात बसतील.

तिसरा पेग
परमिट काढा. विदेशी दारूचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो.

संत्रानगरी
तो तुमच्याकडं. बंदीच्या जिल्ह्यात कायचं परमिट? वर्धा अन् गडचिरोली, दोन्हीकडं बंद. चंद्रपुरात 2015 ला बंद केली अन् 2021 ला उठवली, म्हणून लोकाईले वाटते सगळीकडं उठली.

उगाच एक
बंदीने काही होत नाही, आतून सगळं मिळतं.

बापूंचा बापू
होत कसं नाही? गावोगावच्या बायकांनी आंदोलनं करून आणलेल्या बंद्या आहेत या. त्यांच्या घरी जाऊन विचारा.

मधली सुट्टी
हा वाद इथे नको. मुलाकडच्यांनी आम्हाला यातलं काहीच सांगितलं नाही. बाबांनी तर व्याह्यांना फोनवर ‘बाटली आणतोय’ म्हणून सांगून टाकलंय. ते नुसते हसले म्हणे.

संत्रानगरी
हसतील नाही तं काय. रिसेप्शन कुठं?

मधली सुट्टी
नाशिकला, पुढच्या शनिवारी. आमच्याकडून. व्याही येणार आहेत.

जहाजी काका
अरे मग रडतोस कशाला, आठवडा मिळाला की! बाटली घरीच राहू दे. हॉलवाले परवानगीशिवाय दारू चालू देणार नाहीत, त्यापेक्षा रिसेप्शननंतर घरी बसा, घरचीच माणसं. वर्षाचा परवाना शंभर रुपयांत मिळतो, बाबांकडे नसेल तर काढून ठेवा.

मधली सुट्टी
बूच आत ढकललं. फडक्यातून आणि मग कागदातून गाळली. 430 मिली भरली. रंग गडद मधासारखा आहे. वास चांगला आहे, पुठ्ठा नाही. तेवढ्यात बाबा वासानेच आत आले. मग सांगितलं सगळं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘चारशे तीसात किती जण बसतील?’ ताईच्या सासऱ्यांना फोन लावून रिसेप्शनचं ठरवून टाकलं. पाहुण्यांच्या यादीतून दोन काकांची नावं या बैठकीपुरती उडालीत, त्यावरून आता घरात वेगळं चालू आहे.

चहाबाज
तीसचा पेग धरला तर चौदा. साठचा धरला तर सात. काकांना तीसचा द्या, भांडण नको.

कोकम सरबत
तोवर लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ, अंधारात, उभी. रिसेप्शनच्या दिवशी निळ्या बाटलीत. आणि नंतर ती रिकामी बाटली भंगारात देऊ नका. उंची स्कॉचच्या रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यात भेसळ भरणारे टपलेले असतात.

क्रिस्टल पॅलेस
भंगारात कशाला? मनीप्लांट लावा. निळ्यात फार सुंदर दिसतो.

मधली सुट्टी
बाटली ताई नेणार आहे. हिंगणघाटला. रिकामी चालते ना?

संत्रानगरी
चालते. पण वास धुवून न्या.

उगाच एक
नागपूरला गेलात तर सावजी कुठे खावं यावर कुणी धागा काढेल का?