मदत हवी आहे : मानसिक आजाराच्या गोळ्या मिळत नाहीत, गटातल्या बायकांनी काय करावं?

पांढरं_सोनं : कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा. जाऊबाईंच्या गोळ्या संपून आज आठवा दिवस, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात म्हणतात स्टॉक नाही बाहेरून घ्या, मनाचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात ते या महिन्यात आलेच नाहीत. यवतमाळला खाजगीत जायचं तर फी, गोळ्या आणि ऐन वेचणीत दोघींची मजुरी बुडते. बचत गटात अजून दोघी आहेत, रात्र रात्र झोप नाही, कोणाशी बोलत नाहीत, पण लोक वेडी म्हणतील म्हणून दवाखान्याचं नावच काढू देत नाहीत. गटातल्या गटात काही करता येतं का?

सह्यवारा : गोळ्या कुठल्या? आजार काय सांगितलाय? ते आधी लिहा.

गोदाकाठ : ताई, विपश्यना. इगतपुरीला दहा दिवस, राहणं-जेवण फुकट. माझं नैराश्य त्यानेच गेलं, गोळ्यांच्या नादी लागू नका.

सह्यवारा : @गोदाकाठ तुम्हाला गुण आला, चांगलंच झालं, पण गोळ्या चालू असलेल्या माणसाला असं सांगू नका हो. गंभीर मानसिक आजार असेल तर शिबिरवालेच सावध करतात. आणि वेचणीत दहा दिवस घर कोण सोडणार?

गोदाकाठ : गोळ्या बंद करा असं मी म्हटलेलं नाही. पण जन्मभर डॉक्टरच्या दारात उभं राहणं हाही उपाय नाही.

ठाणेकर_काका : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपनीला शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही कव्हर द्यावं लागतं. पॉलिसी काढून बघा, क्लेम नाकारला तर तक्रार करता येते.

पांढरं_सोनं : काका, पॉलिसी नाही आमच्याकडे. पाकिटावर लिथियम लिहिलंय. आजाराचं नाव कोणी सांगितलंच नाही, भासरे गेले त्या वर्षीपासून चालू आहे सगळं.

सह्यवारा : लिथियम एकदम बंद झालं तर आजार जोरात उलटू शकतो. पण मनाने परत सुरू करू नका, त्याला रक्ताची तपासणी लागते. आत्ता १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीसुद्धा चालतं, मराठीत बोलता येतं.

वऱ्हाडी_मास्तर : फोनवर रक्त तपासतात का? ताई, खाजगीत कशाला, यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, उद्याच जा. काका म्हणतात त्याच कायद्यात आहे की सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. तेव्हा स्टॉक नाही हे लेखी मागा. शहरातल्या माणसाला गल्लीत डॉक्टर आणि आमच्या बाईने एका पाकिटासाठी मजुरी बुडवायची, हे का म्हणून सहन करायचं.
गटाचं विचारलंत, तर करता येतं. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला, गावातल्याच माणसांना शिकवून समुपदेशनाला बसवलं, दीड वर्षात नैराश्यावर मदत घेणारे साधारण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. त्या दोघींना दवाखान्यात चला म्हणू नका, आधी घरी जाऊन बसा, ऐका, आशाताईला सोबत घ्या.
आणि एक, कोणी जिवाचं बरंवाईट करायचं बोलतंय का? तिघींनाही सरळ विचारा, विचारल्याने तसं मनात येत नाही. फवारणीचं औषध घरात असेल तर आजच हलवा.

पांढरं_सोनं : १४४१६ ला बोलले, त्यांनीही उद्याच मेडिकलला न्या सांगितलं. मग जाऊबाईंना विचारलं. खूप रडल्या, म्हणाल्या दोनदा मनात आलं होतं. एका घरात राहून मला माहीत नव्हतं. डबे दिराच्या घरी कुलपात ठेवले, आज रात्री मी त्यांच्याजवळच झोपते. सकाळच्या गाडीने निघतोय, मजुरी गेली तर गेली. स्टॉक नाही हे लेखी मागायचा अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा?

वऱ्हाडी_मास्तर : वैद्यकीय अधीक्षकांच्या. प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना. गटातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.