संध्याकाळच्या जपमाळेला लेकरं बसत नाहीत

वहिनी वाळूज: जय येशू सगळ्यांना 🙏 एक विचारायचं होतं. रोज साडेसातला जपमाळ घेऊन बसते, पण माळेतल्या पाच रहस्यांपैकी, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या पाच प्रसंगांपैकी, दुसऱ्यालाच लेकरं पेंगायला लागतात, नाहीतर चिमटे काढतात. काल धाकट्याला दोन धपाटे दिले आणि मग मलाच रडू आलं. प्रार्थनेला बसवताना मारलं मी. यांची सेकंड शिफ्ट आहे, घरी मी एकटीच.

आत्या वैजापूर: पोरी, लेकरांकडून पाच रहस्यं कशाला? एकच घ्यायचं, 'नमो मरिया' ही प्रार्थना दहा वेळा. उरलेली चार तू भाकरी थापताना म्हण. मी अजून तशीच म्हणते.

मोठे काका: एक ठीक आहे, पण ऑक्टोबरात तरी पूर्ण माळ व्हावी. तो जपमाळेचाच महिना. आमच्या लहानपणी कुणी उठायचं नाही.

आत्या वैजापूर: भाऊ, तुम्ही झोपायचात.

मोठे काका: झोपायचो, खरंय. बाबा उठवत नव्हते. त्यांच्या मांडीवर डोकं असायचं आणि वरून त्यांचा आवाज यायचा. तो आवाज अजून कानात आहे. फादर गावात महिन्यातून एखाद्या वेळी यायचे, मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, तेव्हाच. औरंगाबादचा धर्मप्रांत तर १९७७ ला झाला, त्याआधी आपण अमरावतीत मोडायचो. बाकी सगळे दिवस मास्तर आणि घर, एवढ्यावरच श्रद्धा टिकली. लेकरू झोपलं तर झोपू दे, सूनबाई. ऐकू येत असतं त्याला.

ताई पुणे: मी दोघांना कामं वाटून दिलीत. मेणबत्ती मुलगी लावते. आज कोणती पाच रहस्यं ते मुलगा सांगतो: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. कॅलेंडरवर लिहून ठेवलंय त्यानं. मी विसरले तर तोच हाक मारतो.

आत्या वैजापूर: प्रकाशाची आमच्या वेळी नव्हती.

मोठे काका: पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. काना गावचं लग्न त्यातच येतं.

आत्या वैजापूर: मग गुरुवारी आधी ती गोष्ट सांग गं. भर लग्नात द्राक्षारस संपला, घरच्यांची मान खाली जायची वेळ. मरियेनं गाजावाजा केला नाही, फक्त लेकाला, येशूला, जाऊन सांगितलं. पंगतीत वाढप कमी पडलं की काय होतं, हे आपल्या लेकरांनी पाहिलेलं आहे. त्यांना बरोबर कळेल.

दादा जालना: मी बोलू का? हे सगळं आपण बायकांवर सोडलंय. मी नाईटला निघताना दोघांच्या कपाळावर क्रूसाची खूण करतो, अर्धं मिनिट लागत नाही. गेल्या आठवड्यात विसरलो, गाडीला किक मारली, तर मोठी जिन्यावरून पळत आली. "पप्पा, क्रूस राहिला." बाप काय करायलाय हे लेकरं बघत असतात.

वहिनी वाळूज: हे यांना दाखवते दादा.

ताई पुणे: आणि वहिनी, धपाट्याचं मनात ठेवू नका, धाकट्याला सॉरी म्हणा. पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीनच शब्द सांगायचे: परवानगी, आभार, क्षमा. आणि भांडण झालं तरी समेट केल्याशिवाय दिवस संपवायचा नाही.

वहिनी वाळूज: दिवस तर कालच संपला ताई.

आत्या वैजापूर: आजचा आहे ना. जा, आधी त्याला जवळ घे.

(रात्री ९:१०)

वहिनी वाळूज: सॉरी म्हटलं. तो म्हणाला, मग आज मी सांगणार माळ. मणी त्याच्याच हातात दिले. दहाच्या बारा नमो मरिया झाल्या, मी थांबवलं नाही. मोठी पण शेवटपर्यंत बसली.

आत्या वैजापूर: 🙏🙏 आई मरिया सांभाळो माझ्या लेकरांना.

(रात्री १२:२५)

भाऊ वाळूज: आत्ता सुटलो, सगळं वाचलं. रविवारची माळ मी घेतो. गौरवाची ना?