मदत हवी आहे: पुरुष मेळाव्यात अल्टर कॉल घ्यावा का?

सर्वांना सलाम. नवापूरकडे भातकापणी उरकली की आमचा पुरुष मेळावा आहे, अन् शेवटी अल्टर कॉल (म्हणजे उपदेशानंतर येशूला स्वीकारू इच्छिणाऱ्यांना सगळ्यांसमोर पुढे बोलावणं) घ्यायचा का यावरून कमिटीत दोन गट पडलेत. काही म्हणतात ही पद्धत बायबलमधली नाही, अमेरिकेत १८३० च्या सुमारास चार्ल्स फिनी या प्रचारकांनी गाजवलेली, आणि ते खरंच आहे. पण मागच्या वेळी एक दारूत बुडालेला भाऊ सगळ्यांसमोर गुडघ्यावर आला, त्याची बायको चुलीजवळून भाकरी हातात धरून बघत राहिली, मग नको कसं म्हणू? माझी खरी काळजी नंतरची, पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी कोण जातं? अमेरिकन प्रचारक बिली ग्रॅहम यांच्या सभांत पुढे येणाऱ्यांशी समुपदेशक बोलायचे, नावं स्थानिक चर्चला द्यायचे. पाड्यांवर असं कोणी केलंय का, कसं जमवलं? प्लीज सविस्तर सांगा.