शब्दचर्चा: ‘आर्क्टिक वुल्फ’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: कॅनडाच्या उत्तरेकडच्या क्वीन एलिझाबेथ बेटांवर जो लांडगा राहतो, कॅनिस लुपस आर्क्टॉस, त्याला ‘ध्रुवीय लांडगा’ म्हणावं, ‘हिमलांडगा’ की ‘पांढरा लांडगा’? नुसतं ‘आर्क्टिक लांडगा’ म्हणजे अर्धवट भाषांतर वाटतं.

उत्तर १: ‘हिमलांडगा’ पहिला खोडा. त्यांतल्या एल्समेअर बेटावर, युरेका या हवामान केंद्राला, वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून ८० मि.मी.च्या आसपास भरतो. आपल्या दुष्काळी तालुक्यांनाही यापेक्षा कितीतरी जास्त मिळतो. उन्हाळ्यात जमीन उघडी, तपकिरी असते आणि तिच्यावर हा पांढरा प्राणी लांबूनच उठून दिसतो. ‘पांढरा’ही चालणार नाही, कारण पिल्लं काळपट करडी जन्मतात आणि पांढरे लांडगे मुख्य भूमीवरही आहेत. ‘ध्रुवीय’मध्ये दक्षिण ध्रुव आला, तिकडे लांडगाच नाही.

उत्तर २: ‘आर्क्टिक’ तसाच ठेवा, तो वाटतो तितका परका नाही. ग्रीक ‘आर्क्टॉस’ म्हणजे अस्वल. आकाशातल्या अस्वलाखालचा, म्हणजे उत्तरेचा मुलूख तो आर्क्टिक. संस्कृत ‘ऋक्ष’ त्याच मुळातला, आणि ऋग्वेदातले ‘ऋक्षाः’ हे तारे म्हणजे आपले सप्तर्षी असं बहुतेक मानतात. लांडग्याचा संस्कृत ‘वृक’ आणि लॅटिन ‘लुपस’ही एकाच मुळाचे धरतात. म्हणजे ‘लुपस आर्क्टॉस’चा शब्दशः संस्कृत अवतार ‘वृक ऋक्ष’! (वृकोदर भीमाला हे नाव आवडलं असतं.) ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने १९३५ साली हे नाव दिलं, आणि त्याच वर्षी ग्रीनलंडच्या लांडग्याला ‘ओरायन’. ते तर थेट आपलं मृग नक्षत्र. ओरायन वेगळा धरायचा की आर्क्टॉसमध्येच घालायचा, यावर मात्र एकमत नाही. आपल्या माळरानावरचा लांडगा म्हणजे पॅलिपेस ही उपजाती; ब्रिटिश अधिकारी साइक्सने १८३१ साली त्याचं वर्णन केलं ते दख्खनमधल्याच प्राण्यावरून.

प्रश्नकर्ती: पटलं. ‘उपजाती’ की ‘उपप्रजाती’?

उत्तर २: काही मराठी पुस्तकांत ‘प्रजाती’ हा शब्द कॅनिस या वरच्या पातळीला वापरलाय आणि लुपसला ‘जाती’. तिथे ‘उपप्रजाती’ लिहिलं की वाचक एक पायरी चुकतो. ‘उपजाती’ लिहा आणि लेखभर तेच ठेवा.

उत्तर ३: ‘पॅक’ला ‘कळप’ नको. कळप शेळ्यामेंढ्यांचा, लांडग्यांची टोळी. आणि ‘अल्फा’ला ‘म्होरक्या’ करण्याआधी थांबा. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९८६पासून अनेक उन्हाळे एल्समेअरवर एकच टोळी जवळून पाहिली. टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, असं त्यांना दिसलं, आणि १९९९ साली त्यांनी ‘अल्फा’ शब्दावरच आक्षेप घेतला. तेव्हा ‘आई’, ‘बाप’ एवढंच पुरे.

उत्तर १: ‘डेन’ला सरसकट ‘बीळ’ही नको. तिथली जमीन खाली कायम गोठलेली असते, खणणं जिकिरीचं. म्हणून कपारी आणि खडकातल्या गुहा वापरतात. तिथे ‘गुहा’च लिहा.

उत्तर ३: ‘मस्कऑक्स’ या तिथल्या केसाळ प्राण्याची हे लांडगे शिकार करतात; त्याचा ‘कस्तुरी बैल’ करू नका, तो बैलापेक्षा मेंढ्या-शेळ्यांचा जवळचा आणि कस्तुरीची ग्रंथी त्याला नाही. ‘मस्कऑक्स’च ठेवा. शिकारीचं वर्णन करताना ‘तुटून पडले’ हे घाईघाईनं लिहू नका. मस्कऑक्स वासरं पाठीशी घालून, शिंगं बाहेर करून उभे राहिले की लांडग्यांचं फारसं काही चालत नाही. ते घिरट्या घालतात, वाट बघतात. कळप बिथरून पळाला की मग वासरू बाजूला पडतं आणि चहूबाजूंनी लचके तोडले जातात. त्या वाक्याला आपला ‘लांडगेतोड’ शब्द तयारच आहे.