फवाऱ्याचा ब्लोअर चालू असताना पोरं द्राक्षबागेत कशाला?

बांधावरची: परवा सकाळी शेजारच्या द्राक्षबागेत (निफाड तालुका) डाऊनीचा, म्हणजे ढगाळ-ओल्या हवेत पसरणाऱ्या बुरशीरोगाचा, फवारा चालला होता. बांधाला सुरगाण्याहून आलेल्या मजुरांच्या टोळीचं खोपट. दीड-दोन वर्षांचं पोर औषधाच्या रिकाम्या डब्यात माती भरत बसलेलं, मग तीच बोटं तोंडात. मालकाला सांगितलं तर म्हणे, "आम्ही असेच वाढलो." फवारा असेल त्या दिवशी टोळीची पोरं लांब ठेवायची जबाबदारी बागायतदाराचीच, असं माझं मत. बोला.

थॉमसनवाला: सगळं आमच्याच माथी मारा! 2010 ला क्लोरमेक्वाट (वेलीची वाढ रोखणारं औषध) सापडलं म्हणून युरोपने माल अडवला. आता निर्यातीच्या बागेत फवाऱ्याची तारीख न् तारीख वहीत आहे, रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाची, तपासणी होते. आणखी काय पाहिजे?

बांधावरची: दादा, तपासणी मण्यांची होते. खोपटातल्या पोराची कोण करतं?

पिंपळगावची नर्स: मूल किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतं, आणि रांगतं जमिनीवर, जिथे औषध बसतं. कॅलिफोर्नियात सॅलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर बायांची गरोदरपणी लघवी तपासली होती. ज्यांच्यात ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचे अंश सर्वांत जास्त, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वांत कमी अंश असलेल्यांपेक्षा सरासरी 7 गुणांनी खाली होता.

थॉमसनवाला: ताई, ते कीटकनाशकाचं झालं. आमचा निम्म्याहून जास्त फवारा बुरशीनाशकाचा. मॅन्कोझेबसारख्या बुरशीनाशकाने कोण मरतं?

पिंपळगावची नर्स: मरत नाही कोणी लगेच, म्हणूनच कोणी बघत नाही. मॅन्कोझेबमधून इटीयू नावाचं रसायन तयार होतं, ते थायरॉइडला बाधतं. युरोपने 2020 च्या शेवटी त्याची मंजुरी पुढे चालू ठेवली नाही.

कादवाकाठ: दोघांचं पटतं थोडं थोडं. पण अंगणवाडी गावात, टोळी मळ्यात, आणि काम उजाडायला सुरू. आई पोर ठेवणार कुठे? आमच्याकडे म्हातारीला रोज देऊन पोरं घराच्या ओट्यावर ठेवतो. रिकामे डबे तीनदा विसळून भोकं पाडतो, नाहीतर पाणी भरायला नेतातच.

थॉमसनवाला: ओट्याचं जमेल. आदल्या रात्री मुकादमाला फोनही करीन. पण मधेच वारा खोपटाकडे फिरला तर?

बांधावरची: ब्लोअर बंद करा.

थॉमसनवाला: सहाशे लिटरची टाकी कालवलेली असते, ताई. वर ढग आलेले.