रक्ताची मूलपेशी कोण घडवते: बाहेरचे संकेत की आतली जनुके?

मूळ धागा
झेब्रा माशाचे जेमतेम दीड दिवसाचे पारदर्शक भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत असताना पाहिले, तर महारोहिणीच्या तळाची एखादी चपटी पेशी हळूहळू वाकते, शेजारच्या पेशींपासून सुटते आणि भिंतीबाहेर पडून रक्ताची मूलपेशी होते. हे दृश्य २०१० मध्ये चित्रित झाले. या पेशीला भिंत सोडायला लावते ती बाहेरून येणाऱ्या संकेत प्रथिनांची साखळी, असे माझे ठाम मत आहे. विंट, बीएमपी-४ आणि नॉच या संकेतांची नावे या क्षेत्रात परिचित आहेत. पण आपण ज्याला केवळ दाहाशी जोडतो, ते टीएनएफ-अल्फादेखील या साखळीत आहे. कोणताही जंतुसंसर्ग नसताना भ्रूणातल्या आद्य न्यूट्रोफिल पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) ते स्रवतात, त्यामुळे रक्तवाहिनीच्या पेशींवर जॅग्ड-१ हे प्रथिन वाढते आणि ते शेजारच्या पेशीतले नॉच जागे करते, हे २०१४ मध्ये याच माशात दाखवले गेले. म्हणूनच प्रयोगशाळेत मूलपेशी घडवायची असेल, तर तिच्यात जनुके कोंबण्यापेक्षा संकेतांचा क्रम शिकण्यावर भर द्यायला हवा.

प्रतिसाद १
असहमत. ज्या नॉचला आपण श्रेय देता, त्याच नॉचमुळे त्याच भिंतीतली दुसरी पेशी रोहिणीची पेशी म्हणूनच कायम राहते. निरोप एकच आणि परिणाम दोन, याचा अर्थ निरोपाचा अर्थ लावणारी यंत्रणा पेशीच्या आत आहे. उंदराच्या भ्रूणात रक्तवाहिनीच्या पेशींतून रन्क्स-१ हे जनुक काढून टाकले, तर सभोवतीचे संकेत कायम असूनही मूलपेशी तयार होत नाहीत. बॉस्टनच्या संशोधक गटाला २०१७ मध्ये मानवी बहुक्षम पेशींपासून (शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींपासून) रक्त घडवताना संकेत प्रथिने पुरली नाहीत. त्यांना सात नियामक जनुके, म्हणजे इतर जनुकांना चालू-बंद करणारी जनुके, घालावी लागली.

धागाकर्ता
निरोप एकच असला तरी त्याची मात्रा एक नसते. उंदरांवरील काम सांगते की नॉचचा जोरदार संकेत मिळाला तर पेशी रोहिणीकडे जाते आणि जॅग्ड-१ ने तो सौम्य ठेवला तर रक्ताकडे वळते. रन्क्स-१ चे म्हणाल, तर भिंतीतून रक्ताकडे होणारे संक्रमण एकदा पार पडल्यावर तेच जनुक काढले तरी मूलपेशी तगते, हे आपण सांगितलेल्या उंदरांवरील त्याच, २००९ च्या प्रयोगात दिसले. जे ठरावीक घटकेलाच लागते, त्याला ती घटका कोण कळवते?

प्रतिसाद २
दोघांच्याही मांडणीत रक्तप्रवाह सुटला आहे. हृदय न धडधडणाऱ्या झेब्रा भ्रूणात मूलपेशी फार कमी निपजतात आणि नायट्रिक ऑक्साइड (रक्तप्रवाहामुळे वाहिनीच्या भिंतीत तयार होणारा वायू) देणारे द्रव्य दिले की त्या पुन्हा वाढतात. तेव्हा यादीत केवळ प्रथिने ठेवू नयेत.

प्रतिसाद ३
मी मुलांच्या रक्तविकारांवर उपचार करते. थॅलेसेमियाच्या मुलाशी सख्ख्या भावाबहिणीचा एचएलए (मूलपेशींच्या प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरची ओळखखूण) जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के असते, आणि जुळत नाही हे आईवडिलांना सांगणे फार जड जाते. त्यामुळे हा वाद मला दूरचा वाटत नाही. मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण सुरक्षितता हे आहे: बाहेरून घातलेल्या त्या सातांपैकी रन्क्स-१, ईआरजी आणि होक्सए-९ यांचा बिघाड रक्ताच्या कर्करोगातही आढळतो. मेलबर्नच्या संशोधक गटाने २०२४ मध्ये मानवी बहुक्षम पेशींपासून एकही जनुक न घालता मूलपेशी मिळवल्या. सुरुवातीच्या टप्प्यात अ जीवनसत्त्वाचे एक संयुग, पुढे बीएमपी-४ व व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारे संकेत प्रथिन), आणि नेमक्या वेळी व्हीईजीएफ काढून घेणे, असा तो क्रम होता. मला त्यातले काढून घेणे सर्वांत मोलाचे वाटते. संकेत थांबवणे हासुद्धा एक संकेतच आहे.

प्रतिसाद १
सुरक्षिततेचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो आणि जनुके घालण्याचा आग्रह मागे घेतो. परंतु मेलबर्नच्या प्रयोगातही या पेशी प्रत्यारोपण केलेल्या २५ ते ५० टक्के उंदरांतच रुजल्या. एकाच भांड्यात, एकाच क्रमाने वाढलेल्या पेशींपैकी रुजणारी कोणती, हे प्रत्यारोपणाआधी ओळखायचे तर रन्क्स-१ आणि होक्सए-९ किती जागे झाले आहेत, हे पेशीच्या आतच पाहावे लागेल, आणि संकेतांची यादी कितीही अचूक केली तरी ते टळणार नाही.