दुबईत डून बग्गी स्वतः चालवायची आहे, अनुभव सांगा

घाटमाथा:
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भावाकडे शारजाला जातोय. मी, बायको आणि १४ वर्षांची लेक. लेकीने डून बग्गीचा, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर पळवायच्या उघड्या गाडीचा, हट्ट धरलाय. भर पावसात वरंध घाट उतरलेला माणूस आहे मी, पण वाळूत साधी सायकलही घातलेली नाही. चार सीटची घ्यावी का? सकाळी बरं की संध्याकाळी?

खजूरवाला:
शारजात ११ वर्षं काढली. पाहुणे आले की अल बदायरच्या वाळवंटाची वारी ठरलेली. तिथे दुबई-हत्ता रस्त्यावर वाळूची मोठी लाल टेकडी आहे, तिलाच सगळे बिग रेड म्हणतात.

सकाळीच जा. रात्रीच्या दवाने वाळू बसलेली असते, दुपारी भुसभुशीत होते. संध्याकाळी फोटो झकास येतात, पण गर्दी फार.

घाटातल्या सवयी घरी ठेवून या. गिअर बदलायचे नसतात, स्कूटीसारखा कारभार. चढावर घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचललात की तिथेच रुतलात. माथ्याशी मात्र पाय सैल सोडायचा, कारण पलीकडची बाजू वाऱ्याआडची, तीसएक अंशांची घसरण, आणि ती दिसत नाही! तेव्हा समोर फक्त बॉनेट आणि आभाळ असतं. पोटात खड्डा पडतो. तरी स्टिअरिंग सरळ. उतारावर आडवी घातली की कलंडलीच. कलंडली तर हात आत. माझ्या साडूने टेकू द्यायला हात बाहेर काढला, तीन आठवडे मनगट प्लास्टरमध्ये.

घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढा. एकदा जुना ओरखडा माझ्या डिपॉझिटमधून वळता झालाय.

माईंची_सून:
चार सीटमध्ये मागे मी बसले होते. पुढचे मजेत, मागचे मिक्सरमध्ये! कंबर दुखत असेल तर बसूच नका. गॉगल आणि तोंडाला ओढणी हवीच. दोनदा डोकं धुतलं, तरी तिसऱ्या दिवशी कानातून वाळू निघाली.

घाटमाथा:
लेकीला चालवू देतील का?

खजूरवाला:
वयाची अट प्रत्येकाची वेगळी, बुकिंगआधी विचारा. देत असले तरी मी देणार नाही. शेजारी बसवा, पट्टा स्वतः ओढून बघा.

घाटमाथा:
दोन सीटची घेतो. बायको म्हणते, मी चहा पीत खालूनच बघेन.